माशाचा दुसरा डोळा

३ फेब्रुवारी

प्रिय टोच्या,

पाकीट जाड आहे म्हणून कुणाची तरी जाहिरात समजून बाजूला टाकू नकोस. मी आहे, तुझी ताई. तुझ्याच ब्रेलच्या यंत्रावर लिहिते आहे. जाताना तू ते कपाटावर ठेवून गेलास, आणि त्याची खटखट अशी की मी तुला पत्र लिहिते आहे हे एव्हाना अख्ख्या कार्यशाळेला कळलंय. साचेकाका तर हातोडी खाली ठेवून कान देऊन बसलेत. फोन तू उचलत नाहीस. बोलून पाठवलेला निरोप दुसऱ्याच वाक्याला बंद करतोस, असं आत्या सांगते. ब्रेल मात्र तुला अर्धवट सोडवत नाही. लहानपणी तू औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचास, म्हणून हा मार्ग धरला.

चार वर्षं झाली. तुझी खबर आत्याकडून मिळते. पियानोचे सूर जुळवून देतोस, चौथ्या मजल्यावर राहतोस आणि मध्यंतरी जिन्यात पडलास. पडल्याचं मला सांगायचं नाही, अशी तिला ताकीद होती म्हणे. आत्याच्या पोटात कधी काही राहिलंय का?

आमचं इकडे छान चाललंय.

मुद्द्याचं सांगते. गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका फाउंडेशनची माणसं आली होती. मोठं फाउंडेशन. किती मोठं, तर त्यांच्या इमारतीवर पाटीच नाही, कारण ज्यांना जायचं असतं त्यांना ती माहीत असते. ते लोक गाणाऱ्यांना देतात, नाटकवाल्यांना देतात, कामगारांचे खटले फुकट लढवणाऱ्यांना देतात, आणि आता कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की इकडे एका जुन्या गोदामात काही वेडी माणसं न दिसणाऱ्यांसाठी बोटांनी वाचायची चित्रं करतात. आम्ही आठवडाभर आधी फरशी घासली, खळीची बादली आत नेऊन ठेवली, भिंतींवर नवी चित्रं लावली. सगळं झालं आणि एकच गोष्ट विसरलो. त्यांना वेळ दिली दुपारी तीनची.

हसतोयस ना? तू सुरू केलेला अंधाराचा तास आम्ही अजून पाळतो. तीन वाजले की पडदे ओढायचे, दिवे घालवायचे आणि दिवसभरात केलेली चित्रं प्रत्येकाने बोटांनी तपासायची. इतकी सवय झाली आहे की पाहुण्यांसाठी दिवे लावायला हवेत हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. फाउंडेशनच्या बाई दारातून आत आल्या त्या थेट रद्दीच्या गठ्ठ्यावर. "मॅडम, पाय उचलून टाका!" असं साचेकाका अंधारातून ओरडले, आणि बाईंनी घाबरून दोन्ही पाय उचलायचा प्रयत्न केला. त्यांच्याबरोबर एक वकील होते. ते मात्र शांतपणे काठी टेकवत आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. त्यांची दृष्टी तुझ्यासारखीच लहानपणी गेलेली. दिवे लावा म्हणणारे सगळे आम्हीच होतो.

मी वकिलांच्या हातात मासा दिला. तो तुला माहीत नाही. तू गेल्यावर केलेलं पुस्तक, प्राण्यांचं. खवल्यांसाठी बारीक, खरखरीत पॉलिश कागद, शेपटीला दोरा, डोळ्याला उठावदार गोल कडी. गावोगावच्या शाळांत गेलंय. मला त्याचा फार अभिमान आहे. होता.

वकिलांनी तो नाकापासून शेपटीपर्यंत वाचला, परत नाकाशी आले आणि म्हणाले, "मासा आजारी आहे का?"

"नाही हो. का?"

"एकच डोळा आहे. दुसऱ्याला काय झालं?"

मी म्हटलं, "साहेब, तो बाजूने काढलाय. दुसरा डोळा पलीकडे आहे."

"पलीकडे म्हणजे कुठे?" असं म्हणून त्यांनी सरळ पान उलटलं आणि मागून हात फिरवला. "इथे तर काहीच नाही."

सोबत ते पान पाठवते आहे. वाच आणि सांग, खरंच इतकं वाईट आहे का? बाकी काही मागत नाही.

तुझी,
ताई


१९ फेब्रुवारी

टोच्या,

"प्रिय" मुद्दाम गाळलंय.

माझं पत्र तू परत पाठवलंस. उत्तर नाही, एक ओळ नाही, पहिल्या पानाचा उजवा कोपरा तेवढा दुमडलेला. दाराशीच मी पाकीट फोडलं, साचेकाकांनी नुसता कोपरा पाहिला आणि म्हणाले, "बाद." इथे नव्याने आलेल्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला. पूर्वी प्रत्येक चित्राला पहिला हात तुझा लागायचा, तू कोपरा दुमडलास की ते पान बाद, आणि त्यावर कुणी वाद घालायचा नाही, मीसुद्धा नाही. सांगता सांगता माझा आवाज चढला. मी माणूस आहे, पान नाही. बहिणीला बाद करतात का?

आणि मासा ठेवून घेतलास तो का? तोही परत पाठवायचास.

बरं, आता भांडायचंच आहे तर नीट भांडू. तू गेलास ते मिशीमुळे. रंगवाल्या शेठनी आपल्याला दोन वर्षं पैसे दिले आणि त्यांची एवढीच इच्छा होती की प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर त्यांचा चेहरा असावा, बोटांना कळेल असा. मी तो केला. भुवया दोऱ्याच्या, मिशी ब्रशच्या केसांची. तू त्या पानावर हात ठेवलास आणि ओरडलास, "मुलांनी आयुष्यात पहिलं पुस्तक उघडायचं आणि पहिलं बोट ठेवायचं ते कुणाच्या तरी मिशीवर?" तू कोपरा दुमडलास. मी तो सरळ केला आणि पान छापायला दिलं.

टोच्या, त्या वेळी मी चुकले असं मला आजही वाटत नाही. भाडं थकलं होतं. मिशी नसती तर पुस्तकंच नसती. तुझी तत्त्वं सांभाळायला तू मोकळा होतास, कारण घरमालकाला तोंड मी देत होते. हे मला चार वर्षांपूर्वीच म्हणायचं होतं, पण तू दार आपटून गेलास.

तर आता खरं सांगते. आमचं छान चाललेलं नाही. शेठनी दुकान विकलं आणि पैसे थांबले. दाबयंत्र अधूनमधून पान चावतं. कार्यशाळेतली निम्मी माणसं दुसरीकडे कामाला लागली आणि रविवारी येऊन फुकट हात लावतात. फाउंडेशनचं जमलं नाही तर मेअखेर गोदामाची किल्ली परत करावी लागेल. हे तुला सांगायचं नव्हतं. पण कोपरा दुमडलास म्हणून सांगितलं, रागाच्या भरात.

ताई


८ मार्च

टोच्या,

तुझं उत्तर नाही, तरी लिहिते. खरं तर आता मला तुझ्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही, असं काहीतरी झालंय.

फाउंडेशनच्या बाई परत आल्या. या वेळी एकट्या, आणि सकाळी. गठ्ठ्याला वळसा घालून आल्या आणि बसल्या. मी हिशेब, फोटो, शाळांची आभारपत्रं, सगळं मांडून तयार होते. त्यांनी ते हातानेच बाजूला केलं. म्हणाल्या, "पुस्तकं चांगली आहेत हे मला माहीत आहे. एक विचारू? इथे 'हे पान नको' असं म्हणायचा अधिकार कुणाला आहे?"

मी म्हटलं, "कुणालाही. आमच्याकडे सगळे मोकळेपणाने बोलतात."

"शेवटचं 'नको' कोण आणि कधी म्हणालं?"

मी आभारपत्रं पुन्हा नीट रचायला लागले. शेवटचं "नको" तू म्हणाला होतास.

मी चिडले. ही बाई कोण आम्हाला विचारणार? आयुष्य यात घातलंय मी. म्हटलं, "मॅडम, मुलांना आमची पुस्तकं आवडतात. आजवर एक तक्रार नाही." त्यावर त्या जे बोलल्या ते तुला जसंच्या तसं सांगते. "माझ्या नोकरीत काय होतं सांगू? मी विनोद केला की समोरचे सगळे हसतात. आणि मी अजिबात विनोदी नाही, घरी कुणीही हसत नाही. समोरच्याला माझ्याकडून पैसे हवे असतात, म्हणून हसतात. बारा वर्षं असं हसू ऐकल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपण खरंच मजेशीर आहोत."

त्या गेल्यावर मी जेवले नाही. दुपारी एका शाळेत फोन लावला आणि तिथल्या शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, प्राण्यांच्या पुस्तकातला मासा मुलांना कळतो का? "हो, कळतो की," त्या म्हणाल्या. "माशाला एकच डोळा असतो, सगळ्यांना पाठ आहे. आमच्या एका मुलीचा तर तो फार लाडका. तिला एका डोळ्याने थोडं दिसतं ना, म्हणते, हा माझ्यासारखा."

मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही आम्हाला कळवलं का नाही?"

"अहो, फुकट येतात पुस्तकं," त्या हसून म्हणाल्या. "फुकटच्या पुस्तकाला नावं कशी ठेवणार? पुढच्या वेळी नाही आली तर?"

टोच्या, मी फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. मुलीमुळे नाही, ती आनंदात आहे. शेठमुळे. इतकी वर्षं मी त्यांना मनातून हसत आले, त्यांच्या मिशीला हसत आले. आणि त्या शाळेसाठी मीच शेठ आहे रे. माझ्या पुस्तकावर कुणी बोट ठेवून "चुकलंय" म्हणत नाही, कारण मी देणारी आहे.

आता फाउंडेशनला काय हवंय ते ऐक. त्यांना नाव नको, चेहरा नको, आभाराचं पान तर मुळीच नको. तीन वर्षांचं भाडं, वीज, पगार आणि नवं दाबयंत्र ते देणार. कोणतं पुस्तक करायचं हे सांगणार नाहीत. अट एकच: एक "वाचकांचं टेबल" हवं. त्यावर बसणारे सगळे न दिसणारे, सगळे पगारी, आणि त्यांनी नाकारलेलं पान छापायचं नाही. वकिलांची मात्र, अट म्हणून नव्हे, इच्छा आहे की पहिलं पुस्तक शरीराचं व्हावं, मुलामुलींसाठी. त्यांनी मला फोनवर सांगितलं, "न्यायालयात मुलीला विचारतात, कुठे हात लावला, दाखव. आणि तिला स्वतःच्या शरीराचं चित्र कुणी कधी दिलेलंच नसतं. कसं सांगणार ती?" मग म्हणाले, "त्या पुस्तकात एका डोळ्याचा मासा चालणार नाही, ताई."

म्हणून आता उघडच विचारते. त्या टेबलाच्या टोकाला तू बसशील का? दयेचा पैसा म्हणू नकोस. पगार आहे. कान धरून काम करून घेतील.

सोबत तू गेल्यानंतरची सगळी पुस्तकं पाठवते आहे, वेगळ्या खोक्यात. कोपरे दुमडायची इतकी हौस आहे ना, तर दुमड.

ताई


२ एप्रिल

प्रिय टोच्या,

खोकं आलं! टपालवाल्याने आणून टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "पुस्तकं आहेत की विटा?" आम्ही सगळे गोळा झालो. पहिलं पुस्तक उघडलं, पहिल्या पानाचा कोपरा दुमडलेला. दुसऱ्याचा दुमडलेला. घोडा, टेबल, चंद्र, बस, सगळे बाद. पुस्तकं बंदच होईनात, उजवा कोपरा सगळीकडे फुगलेला. आणि प्रत्येक पानावर तुझी एकेक ओळ टोचलेली. साचेकाकांनी त्या मोठ्याने वाचायला लावल्या.

"चंद्र ताटलीसारखा का? तो चेंडू आहे असं शाळेत शिकलो."

"हे टेबल दोन पायांचं आहे, यावर माझा चहा ठेवू नका."

"बस बाहेरून दाखवून काय उपयोग? मला बसायचं आत आहे."

"घोडा चांगला. पण उकिडवा बसलाय की धावतोय ते त्यालाही कळत नाहीये."

टोच्या, आम्ही इतके हसलो की साचेकाकांना ठसका लागला. मग हळूहळू हसू ओसरलं, आणि जो तो आपापलं पान उचलून आपल्या जागी गेला. बसमध्ये आता आतली आसनं चालली आहेत. टेबल वरून काढायचं की उलटं पाडून, यावर दोन दिवस वाद झाला. कार्यशाळेत असा वाद मी चार वर्षांत ऐकला नव्हता. सगळं बाद झालं आणि मी आनंदात होते, हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही दोघं भावंडं जन्मजात वेडी आहात, मी तुमच्या वडिलांना तेव्हाच म्हटलं होतं."

एकच पान नव्हतं, प्राण्यांच्या पुस्तकातून काढून मी तुला आधीच पाठवलं होतं ते. मासा अजून तुझ्याकडेच आहे. विसरलास की राग आहे?

कराराचा मसुदा तयार झालाय. वकिलांच्या आग्रहावरून तो ब्रेलमध्येही काढलाय, म्हणजे टेबलावर बसणाऱ्यांना तो कुणाकडून वाचून घ्यावा लागणार नाही. एक प्रत तुला पाठवते. तिसऱ्या पानावर मी एक छोटी ओळ घालायला सांगितली आहे: टेबलाने नाकारलेल्या पानाबाबत वाद झाला तर शेवटचा शब्द संचालिकेचा. म्हणजे माझा. नुसती काळजी म्हणून. उद्या कुणी लहर म्हणून सगळंच अडवलं तर कार्यशाळा कशी चालायची? बाईंनी भुवया उंचावल्या, पण लिहून दिलं. तुला ते खटकणार नाही असं मला वाटतं.

तुझी ताई


२१ एप्रिल

टोच्या,

तुला खटकलं.

करार आज सकाळी आला आणि बाई व वकील दहाला यायचे होते, म्हणजे मला तो उघडून बघायलासुद्धा सवड मिळाली नाही. पाकीट तसंच टेबलावर. वकिलांनीच ते उचललं, "ही टेबलाकडून आलेली प्रत का?" म्हणून पानं चाळू लागले, आणि तिसऱ्यावर थांबले. कोपऱ्यावर अंगठा फिरवत म्हणाले, "हे काय?"

साचेकाकांच्या जिभेला हाड नाही. "बाद," ते म्हणाले.

बाई एकदम सावरून बसल्या. "काय बाद? करार?"

किल्ली परत करायला महिनाभर उरलाय, माणसं आशेवर आहेत, आणि माझ्या भावाने फाउंडेशनचा कागद बाद केलाय. त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुला यंत्र फेकून मारलं असतं. मी सारवासारव करायला तोंड उघडलं: त्याचा तसा अर्थ नाही, आमची जुनी गंमत आहे, तो जरा तिरसट आहे. आणि मग मला ऐकू आलं की मी काय करते आहे. तू दुमडलेला कोपरा मी पुन्हा सरळ करत होते.

मग म्हटलं, "मॅडम, कागद तुमचा आहे, पण ही ओळ माझी आहे. त्याने तुम्हाला नाही, मला बाद केलंय. आणि ते बरोबर आहे. ओळ काढा."

"नक्की?" बाईंनी विचारलं. "उद्या त्यांनी तुमचं सगळ्यात लाडकं पान नाकारलं तर?"

"तर मी घरी जाऊन भांडी आपटीन. पण पान छापणार नाही."

साचेकाका पुटपुटले, "भांडी मी पाहिली आहेत, सगळी आधीच पोचे पडलेली आहेत."

तेव्हा बाई हसल्या. अगदी खळखळून, पोट धरून, आणि वकीलही. मग डोळे पुसत म्हणाल्या, "आमच्या कागदावर कुणी 'बाद' म्हटलेलं मी आज पहिल्यांदा बघते. लोक न वाचता सह्या करतात हो. मी त्यांना म्हणते वाचा, तर म्हणतात, तुमच्यावर विश्वास आहे."

वकिलांनी तिथल्या तिथे आणखी एक ओळ घातली: फाउंडेशनने सुचवलेलं पानही टेबल नाकारू शकेल, आणि त्यामुळे पैसे थांबणार नाहीत. ही ओळ मात्र त्यांच्या वरच्या मंडळाकडून मंजूर व्हायला हवी. बाई म्हणाल्या, "मी भांडते. पण वेळ लागेल, आणि नक्की सांगत नाही." उठताना त्यांनी तुझा दुमडलेला कागद मागितला. मंडळाला दाखवायला हवाय म्हणे.

म्हणजे आता सगळं पुन्हा अधांतरी. मंडळाने नाही म्हटलं तर किल्ली जाणार. मला भीती वाटते आहे, टोच्या, आणि तरी गेल्या चार वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. तू टेबलावर बसणार की नाही हे अजून सांगितलेलं नाहीस. मी विचारणारही नाही. करार वाचलास, एवढं मला पुरे आहे.

नाही, पुरे नाही. ये रे.

ताई


१७ मे

प्रिय टोच्या,

मंडळाने मंजूर केलं!

बाईंचा फोन आला तेव्हा मी दाबयंत्राखाली अडकलेलं पान ओढत होते. म्हणाल्या, मंडळात दोन तास वादावादी झाली. एक गृहस्थ म्हणाले, पैसे आपण द्यायचे आणि वर 'नाही'सुद्धा आपणच ऐकायचं, हे कुठलं तंत्र? बाईंनी तुझा कागद टेबलावर ठेवला आणि त्यांना सांगितलं, "या माणसाला आपल्याकडून एक पैसा मिळालेला नाही, तरी त्याने आपलं काम फुकट सुधारून दिलंय. पगार दिला तर काय करील?" ओळ तशीच राहिली. नवं यंत्र जूनमध्ये येईल. गोदामाची किल्ली माझ्या कमरेलाच आहे. साचेकाका ते ऐकून बाहेर जाऊन उभे राहिले, मग आत येऊन म्हणाले, "डोळ्यात धूळ गेली." त्यांच्या डोळ्यात धूळ फक्त चांगल्या बातमीला जाते.

आणि त्याच दिवशी, दुपारच्या टपालाने, मासा आला.

नुसतं एक पान, पाकिटात. मी आधी कोपरा पाहिला. सरळ! पुन्हा पाहिला. दुमडल्याची खूणसुद्धा नाही. मला कळेना. जो माणूस माझा चंद्र बाद करतो, टेबल बाद करतो, मला स्वतःला बाद करतो, तो एका डोळ्याचा मासा पास करतो? पान उजेडात धरून पाहिलं. खवले तेच, शेपटी तीच, डोळ्याच्या कडीच्या मधोमध एक बारीक खळगा पडलेला. म्हटलं, टपालात दबला असेल. साचेकाका म्हणाले, "दया आली असेल." मला ते मुळीच आवडलं नाही. दया, तीही तुझी, आणि माझ्यावर!

तीन वाजले. पडदे ओढले, दिवे गेले. मी मासा हातात घेतला, वाचायला नव्हे, रागाने बाजूला ठेवायला. अंगठा वर, डोळ्याच्या कडीवर होता. आणि खालून बोटाला काहीतरी टेकलं.

टोच्या, मी अंधारात तशीच बसून राहिले. अंगठ्याखाली एक डोळा, बोटाखाली दुसरा. तू कडीच्या मध्यावर टोचणी धरलीस आणि एकदाच टोचलंस, आणि तो मागे उमटला. मधे पान होतं आणि ते पानच मासा झालं होतं, दोन्ही बाजूंनी, माझ्या चिमटीत. वकील पान उलटून "इथे काहीच नाही" म्हणाले, ते ऐकूनही मागे काही करावं असं माझ्या मनात आलं नव्हतं. मी खूप रडले. अंधाराच्या तासात कुणाला दिसत नाही, पण साचेकाकांना ऐकू येतं, त्यांनी माझ्या हातातून पान घेतलं, वरून खालून चाचपलं आणि म्हणाले, "आता याला मागूनही खवले लागतील. उलटा साचा करून दोन कागद पाठीला पाठ चिकटवावे लागतील. वाढवलं काम तुझ्या भावाने." दिवे लावेपर्यंत त्यांनी साचा आखायलासुद्धा घेतला होता.

मग उजेडात मागची बाजू नीट पाहिली. शेपटीखाली तुझी एक ओळ होती. चित्राबद्दल नसलेली, माझ्यासाठी लिहिलेली, चार वर्षांतली पहिली. "तुझ्या सगळ्या पत्रांत सहा टिंबांतलं पाचवं पुसट येतंय, यंत्राला तेल घाल, मला पुसट यंत्रावर काम करायची सवय नाही."

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. आत्याला फोनवर वाचून दाखवली तर ती म्हणाली, "म्हणजे येतोय. सरळ बोलला असता तर मी काळजीत पडले असते."

तेल घातलंय. म्हणून आज खटखट कमी आहे आणि मी काय लिहिते आहे याचा साचेकाकांना अंदाज येत नाही, त्यामुळे ते घुश्शात आहेत. त्या शाळेतल्या मुलीला मी नव्या माशाबद्दल कळवलं. तिने शाळेच्या बाईंकडून निरोप पाठवलाय की जुना मासाही तिच्याकडेच राहील, तो परत मागायचा नाही. मी बरं म्हटलं. आमच्या पुस्तकाबद्दल तिने पहिल्यांदाच काहीतरी ठणकावून सांगितलं होतं.

सोबत नवा मासा आहे, दोन्ही बाजूंनी पुरा, साचेकाकांच्या हातचा पहिला ठसा. मला तो फार आवडलाय, म्हणजे त्यात काहीतरी चुकलं असणारच. पण कोपरा दुमडायचा असेल तर टपालाने चालणार नाही, इथे येऊन दुमड.

तुझी,
ताई